कणसीमेवरची भेग : तारापूरचे पाइप आणि वसईचा वायू

लेखांक सातवा

गेल्या लेखांकात साध्या गंजाचा, म्हणजे हवा आणि पाणी यांच्या संयोगाने लोखंडाच्या पृष्ठभागाची जी झीज होते तिचा विचार केला होता. तो गंज डोळ्यांना दिसतो, त्याचा वेग मोजता येतो आणि पत्र्याची जाडी थोडी वाढवून त्याची तरतूदही आधीच करून ठेवता येते. प्रस्तुत लेखांकाचा विषय असलेली हानी या जातीची नाही. पाइप बाहेरून चकचकीत असतो, त्याची जाडी घटलेली नसते, वजनातही फरक पडलेला नसतो, आणि तरीही आतल्या बाजूने सुरू झालेली केसाएवढी भेग निम्म्या जाडीपर्यंत पोचलेली असते. धातूवरचा ओढीचा ताण, त्याला स्पर्श करणारे विशिष्ट माध्यम आणि त्या माध्यमाला बळी पडेल अशी धातूची अंतर्गत अवस्था, या तीन गोष्टी एकाच जागी एकत्र आल्या म्हणजे अशी भेग पडते. तिन्हींपैकी एक जरी काढून घेतली तरी ती पडत नाही किंवा तिची वाढ खुंटते. या भेगेला ताणजन्य क्षरणभेग म्हणतात, आणि पालघर जिल्ह्याचा तिच्याशी असलेला संबंध दुहेरी आहे : एक तारापूरच्या अणुभट्ट्यांमधून आलेला, दुसरा समुद्रातील वसई वायूक्षेत्रातून.

तारापूर अणुविद्युत केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या आराखड्यानुसार उभारल्या गेल्या आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून त्यांची व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली. या उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्या आहेत, म्हणजे इंधनाच्या उष्णतेने त्याच पात्रातील पाणी उकळते आणि ती वाफ टर्बाइनकडे जाते. उरलेले पाणी पंपाच्या साहाय्याने पुन्हा गाभ्यातून फिरवले जाते आणि ज्या जाड पाइपांमधून ते फिरते त्यांना पुनराभिसरण पाइप म्हणतात. पाण्याचे तापमान सुमारे २८५ अंश सेल्सिअस आणि दाब वातावरणाच्या सुमारे सत्तरपट असतो. त्या काळच्या अशा अणुभट्ट्यांत या पाइपांसाठी ३०४ या क्रमांकाचे स्टेनलेस स्टील वापरण्याचा प्रघात होता. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, कार्बन जास्तीत जास्त ०.०८ टक्के असतो, आणि हा नगण्य वाटणारा कार्बनच पुढील सगळ्या कथेचे मूळ आहे.

कोणतेही पोलाद असंख्य बारीक स्फटिककणांचे बनलेले असते आणि दोन कण जिथे भेटतात त्या पृष्ठाला कणसीमा म्हणतात. स्टेनलेस स्टील गंजत नाही याचे कारण त्यातील क्रोमियम हवेतील किंवा पाण्यातील ऑक्सिजनशी संयोग पावून पृष्ठभागावर अत्यंत पातळ, घट्ट चिकटलेला थर तयार करते, आणि असा थर टिकण्यासाठी धातूत क्रोमियमचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांच्या खाली जाऊन चालत नाही. हे पोलाद साधारण ४२५ ते ८५० अंशांच्या पट्ट्यात पुरेसा वेळ राहिले, तर त्यातील कार्बन कणसीमांकडे सरकतो आणि तेथील क्रोमियमला आपल्याशी बांधून घेऊन क्रोमियम कार्बाइडचे सूक्ष्म दाणे बनवतो. कार्बनचा अणू लहान, त्यामुळे तो दुरूनही चटकन येतो. क्रोमियमचा अणू मोठा, त्यामुळे कणाच्या आतून नवे क्रोमियम तितक्या वेगाने येऊन ती तूट भरून काढू शकत नाही. परिणामी कणाच्या आत १८ टक्के क्रोमियम शाबूत असते, पण सीमेलगतच्या अतिशय अरुंद पट्टीत ते १२ टक्क्यांच्याही खाली उतरते. विटा पक्क्या राहून त्यांच्यामधला चुनाच भुसभुशीत व्हावा तशी ही अवस्था असते, आणि तिला सेन्सिटायझेशन असे नाव आहे.

वेल्डिंगमध्ये नेमके हेच घडते. प्रत्यक्ष जोडाच्या जागी धातू वितळतो आणि लवकर थंड होतो. परंतु जोडापासून काही मिलिमीटर अंतरावरची पट्टी वितळत नाही, ती फक्त तापते, आणि जाड पाइपाला एकावर एक अनेक थरांचे वेल्डिंग करावे लागत असल्यामुळे ती वारंवार त्याच घातक तापमानपट्ट्यातून जाते. जोड थंड होऊन आकसतो तेव्हा याच पट्टीत मोठा ओढीचा ताण कायमचा अडकून राहतो, म्हणजे तिन्हींपैकी दोन अटी तिथे पूर्ण होतात. तिसरी अट अणुभट्टीचे पाणी पूर्ण करते. हे पाणी अतिशुद्ध असते, परंतु गाभ्यातील किरणोत्साराने त्याचे रेणू तुटून हायड्रोजन, ऑक्सिजन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतात. हायड्रोजन बहुतांशी वाफेबरोबर निघून जातो आणि मागे दर लिटरला सुमारे ०.२ मिलिग्रॅम एवढा ऑक्सिजन उरतो. एरवी पिण्याच्या पाण्यात याच्या कितीतरी पट ऑक्सिजन विरघळलेला असतो, पण २८५ अंशांच्या पाण्यात कणसीमा पोखरण्यास एवढाही पुरतो.

अमेरिकेत १९७४ मध्ये ड्रेस्डेन येथील अणुभट्टीच्या लहान व्यासाच्या पाइपांत अशा भेगा सापडल्या आणि १९८२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील नाइन माइल पॉइंट येथे मोठ्या व्यासाच्या पुनराभिसरण पाइपांतही त्या आढळल्या, तेव्हा हा प्रश्न एखाद्या सदोष जोडाचा नसून एका पिढीच्या सर्व अणुभट्ट्यांचा आहे हे स्पष्ट झाले. तारापूरही त्याला अपवाद ठरले नाही. भेगेला बळी पडू शकणारे पाइप टप्प्याटप्प्याने बदलण्यात आले, आणि २०२० मध्ये दोन्ही जुन्या अणुभट्ट्या दीर्घ दुरुस्तीसाठी बंद ठेवल्यावर पुनराभिसरणाचे पाइप बदलण्याचे मोठे काम हाती घेतले गेले. नव्या पिढीच्या पोलादात कार्बन ०.०३ टक्क्याच्या आत ठेवतात, म्हणजे सीमेवर कार्बाइड बनण्याइतका तो उरतच नाही. आणि कार्बन कमी केल्याने जे बळ घटते ते ०.१ टक्क्याहून थोडा अधिक नायट्रोजन मिसळून भरून काढतात. क्रमांकापुढे लागणारी ‘एलएन’ ही अक्षरे या दोन गोष्टींचीच निदर्शक होत.

धातूची ही अवस्था ओळखण्याची सर्वांत सोपी चाचणी अवघ्या दीड मिनिटाची आहे. नमुन्याचा लहान तुकडा आरशासारखा घासून-पुसून घेतात, १० टक्के ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणात बुडवतात, त्याला धन टोक जोडून दर चौरस सेंटिमीटरला एक अँपिअर एवढा विद्युत्प्रवाह ९० सेकंद सोडतात, आणि धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. पोलाद निर्दोष असेल तर शेजारशेजारचे कण कमीजास्त झिजून त्यांच्यामध्ये केवळ पायऱ्या दिसतात. ते बिघडलेले असेल तर कार्बाइड विरघळून गेल्याने कणसीमांवर काळेभोर चर दिसू लागतात, आणि एखादा जरी कण अशा चराने पूर्ण वेढलेला आढळला तरी तो नमुना आम्लात उकळण्याच्या पुढील, अधिक कडक चाचणीला पाठवावा लागतो. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत स्टेनलेस स्टीलच्या सळ्या, तारा आणि फ्लँज मोठ्या प्रमाणावर बनतात आणि त्यांतील बराच माल परदेशी तेल-वायू उद्योगाकडे जातो, त्यामुळे या चाचणीचे महत्त्व अणुकेंद्राच्या कुंपणाआड संपत नाही. फ्लँजवर कोरलेला हीट नंबर, म्हणजे धातू ज्या वितळीतून आला तिचा क्रमांक, आणि त्यासोबतचे टेस्ट सर्टिफिकेट धातूची घटकद्रव्ये सांगतात, मात्र तो धातू किती तापला आणि किती वेगाने थंड झाला हा इतिहास घटकद्रव्यांच्या आकड्यांतून वाचता येत नाही. तो इतिहास घडतो भट्टीवर काम करणाऱ्याच्या आणि वेल्डरच्या हातून. दोन थरांमध्ये जोड किती गार होऊ द्यायचा हे त्यांना केवळ आकडा म्हणून सांगितले जाते, त्यामागचे कारण त्यांच्या भाषेत क्वचितच समजावले जाते, ही खेदाची बाब आहे. कारण जो नियम कळलेला असतो तो घाईच्या पाळीतही पाळला जातो.

तेलशुद्धीकरणात हीच बिघडलेली अवस्था वेगळ्या वाटेने घात करते. कच्च्या तेलातील गंधकामुळे भट्टीच्या नळ्यांत आतून लोह सल्फाइडचा थर बसतो, जो कारखाना चालू असताना निरुपद्रवी असतो. परंतु देखभालीसाठी कारखाना बंद करून नळ्या उघडल्या की हवा आणि दमटपणा लागून त्याच थरापासून पॉलिथायोनिक आम्ले तयार होतात आणि सेन्सिटाइझ झालेल्या नळ्या थंड, रिकाम्या अवस्थेत तडकतात. म्हणून बंद करताना नळ्यांमध्ये नायट्रोजन भरून ठेवतात किंवा त्या सोडा अॅशच्या द्रावणाने धुतात, आणि मुळात टायटॅनियम किंवा नायोबियम मिसळलेले पोलाद निवडतात, जेणेकरून कार्बन क्रोमियमऐवजी या धातूंशी बांधला जावा.

वसई वायूक्षेत्राची गोष्ट याच्या उलट्या बाजूची आहे. मुंबई हाय या समुद्रातील तेलक्षेत्राचा शोध १९७४ मध्ये लागला आणि त्यानंतर दोन वर्षांनी ओएनजीसीला वसईच्या नावाने ओळखले जाणारे हे वायूक्षेत्र सापडले. त्यातील वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो. अशा वायूला या व्यवसायात सॉवर गॅस म्हणतात, आणि तो समुद्रतळावरील दोनशेहून अधिक किलोमीटर लांबीच्या वाहिनीतून सुरतजवळच्या हाजिऱ्यास नेऊन तेथे शुद्ध केला जातो. हाजिऱ्यापर्यंतच्या प्रवासात वायूतील ओलावा हाच मुख्य शत्रू असतो. ओल्या हायड्रोजन सल्फाइडमुळे पोलाद किंचित गंजते आणि त्या क्रियेत पृष्ठभागावर हायड्रोजनचे सुटे अणू निर्माण होतात. एरवी असे दोन अणू एकत्र येऊन त्यांचा बुडबुडा उडून गेला असता, परंतु सल्फाइड ही जोडणी रोखते आणि अत्यंत लहान असलेला हा अणू थेट पोलादात शिरतो. अणुभट्टीच्या पाइपात धातू विरघळल्याने भेग वाढते, तर इथे आत शिरलेल्या हायड्रोजनमुळे पोलाद ठिसूळ होऊन तडकते, आणि पोलाद जितके कडक व बळकट तितका धोका अधिक. म्हणूनच अमेरिकेतील क्षरण अभियंत्यांच्या संघटनेने १९७५ मध्ये आखून दिलेल्या मानकात साध्या पोलादाची कठिनता रॉकवेल ‘सी’ मोजपट्टीवर २२ च्या वर जाऊ नये असा दंडक आहे. अधिक मजबूत माल म्हणजे अधिक चांगला माल ही सर्वसाधारण समजूत इथे सपशेल खोटी ठरते.

समुद्रातील वाहिन्या आणि फलाटांच्या अशा प्रश्नांवर पनवेल येथील ओएनजीसीची अभियांत्रिकी व सागरी तंत्रज्ञान संस्था काम करते, अणुभट्टीतील पोलादावरचे संशोधन तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात होते आणि पवईच्या आयआयटीत क्षरणविज्ञान हा स्वतंत्र अभ्यासविषय राहिला आहे. तारापूरपासून शंभर किलोमीटरच्या आतबाहेर असलेल्या या संस्थांची माध्यमे वेगळी असली तरी भेगेचे शास्त्र एकच आहे.

हायड्रोजनचा हा उपद्रव पोलादापुरता मर्यादित नाही. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या अणुभट्ट्यांत जड पाणी वापरतात आणि त्यांचे इंधन झिर्कोनियममध्ये अडीच टक्के नायोबियम मिसळून केलेल्या दाबनळ्यांत ठेवलेले असते. या नळ्यांतही वर्षानुवर्षे हायड्रोजन मुरत जातो आणि त्यापासून बनलेल्या झिर्कोनियम हायड्राइडचे पापुद्रे नळीच्या भिंतीत कोणत्या दिशेने बसतात यावर नळीचे आयुष्य ठरते. पुढील लेखांक त्यावर असेल.