काशीस जावे, नित्य वदावे

'काशीस जावे, नित्य वदावे' ही म्हण हल्ली बहुतेक वेळा थट्टेने वापरली जाते. एखादा माणूस वर्षानुवर्षे काश्मीरला जायचे म्हणतो आणि जात नाही, तेव्हा कुणीतरी ती त्याच्या तोंडावर फेकते. म्हणीचा मूळ रोख मात्र थट्टेचा नाही. काशीला जायचे आहे असे रोज म्हणत राहावे, त्या म्हणण्यातही पुण्य आहे, अशी ती सरळ श्रद्धा आहे. तिच्यातले 'जावे' आणि 'वदावे' हे दोन शब्द जवळजवळ ठेवले आहेत, पण त्यांच्यामधले अंतर पुण्यापासून मोजले तर सुमारे चौदाशे किलोमीटरचे आहे.

मरण्यापूर्वी पाहायच्या ठिकाणांची यादी करण्याची टूम अलीकडची समजली जाते. 2007 साली 'द बकेट लिस्ट' हा इंग्रजी चित्रपट आला आणि हा शब्द जगभर रुळला. 2018 साली त्याच नावाचा मराठी चित्रपट आला, माधुरी दीक्षितचा तो पहिला मराठी चित्रपट. इंग्रजीत बादलीला लाथ मारणे म्हणजे मरणे, म्हणून ही बादलीची यादी. शब्द विनोदी असला तरी त्याच्या तळाशी मरणच आहे. आपल्याकडची यादी आधीपासून होती आणि तिच्या तळाशीही मरणच होते. फक्त ती फार लहान होती. कित्येक घरांत तिच्यावर एकच नाव असे.

पंढरपूर या यादीत येत नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवे. वारी दरवर्षीची. तिथे जाण्याची 'इच्छा बाळगावी' लागत नाही, ती नेमात असते. आळंदीहून निघालेला शेतकरी पेरणी उरकून पायी जाऊन येतो. काशी ही आयुष्यात एकदा, आणि तीही घडली तर. संतांनी कष्टकऱ्याच्या आवाक्यातले तीर्थ उभे केले ते या दुसऱ्या प्रकारच्या यात्रेचा खर्च आणि अधिकार कुणाकडे होता हे पाहूनच, असे मला वाटते. एकनाथांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. काशीची गंगा कावडीतून रामेश्वरावर घालायला निघालेले नाथ वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ते पाणी ओततात. लहानपणी आपण ही गोष्ट भूतदयेची म्हणून ऐकतो. पण त्या कावडीत किती महिन्यांची पायपीट होती, ती कल्पना आल्याशिवाय बरोबरच्या यात्रेकरूंचा धक्का कळत नाही.

ही काशी-रामेश्वराची जोडयात्रा पूर्ण स्वरूपात अशी: काशीहून गंगा न्यायची, रामेश्वराला अभिषेक करायचा, तिथल्या सेतूची वाळू घेऊन परत उत्तरेला यायचे आणि ती गंगेत सोडायची. म्हणजे अर्धा भारत एकदा उतरायचा आणि पुन्हा चढायचा. इतके जमणारे थोडे. बहुतेकांचे लक्ष्य त्रिस्थळीचे असे, म्हणजे प्रयाग, काशी आणि गया. या तीन ठिकाणी काय करावे, कोणत्या क्रमाने करावे, याचा सोळाव्या शतकातला प्रमाणग्रंथ 'त्रिस्थलीसेतु'. तो लिहिणारे नारायणभट्ट मूळच्या पैठणच्या घराण्यातले. त्यांचे वडील रामेश्वरभट्ट पैठण सोडून काशीला स्थायिक झाले. काशीच्या विश्वनाथ मंदिराच्या अकबरकालीन उभारणीशी नारायणभट्टांचे नाव जोडलेले आहे. 1674 साली शिवाजी महाराजांना राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच घराण्यातले. म्हणजे मराठी यात्रेकरू काशीला पोहोचायचा तेव्हा तिथे त्याला मराठीत बोलणारे उपाध्याय भेटत, आणि ते ज्या पोथीवर हात ठेवून विधी सांगत ती पोथीही पैठणच्या वंशजाचीच असे. पुढे अहल्याबाईंनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात विश्वनाथाचे आजचे मंदिर बांधले. आजही घाटांची नावे घेत नदीकाठाने चालले की भोसले, शिंदे, अहल्या अशी घरची माणसे भेटत जातात.

पायी जायचे म्हणजे किती दिवस? रोज पाच कोस, म्हणजे पंधरा-सोळा किलोमीटर धरले, तर एका बाजूला साधारण नव्वद दिवस होतात. त्यात नद्यांना पूर असण्याचे पावसाळी महिने एका जागी काढायचे, वाटेतली तीर्थे करायची, आजारपणे सोसायची. वर्ष सहज जाई. जाणारा माणूस देणी-घेणी मिटवून, शेतीभातीची व्यवस्था लावून, सगळ्यांच्या पाया पडून निघे. गाव त्याला वेशीपर्यंत पोचवायला येई. परत आला की गंगापूजन होई आणि मावंदे घालत. मावंद्याच्या जेवणात पुण्याचा वाटा गावाला मिळाला अशी समजूत होती, आणि माणूस जिवंत परतला याचा आनंदही होता. 'गंगेत घोडं न्हालं' असे आपण एखादे रखडलेले काम तडीस गेले की म्हणतो. ही म्हण कुठून आली हे छातीठोक सांगता येणार नाही, पण ती उच्चारताना जो सुस्कारा सुटतो तो या मावंद्याच्या पंगतीतला असावा असे मला नेहमी वाटते. आणि याच भाषेत एखाद्या कामाचा विचका झाला की 'काशी झाली' म्हणतात!

सगळ्यांचा प्रवास सारखा नव्हता, हे उघडच आहे. पहिल्या बाजीरावाच्या आई राधाबाई 1735 साली पुण्याहून निघाल्या आणि उदयपूर, जयपूर, मथुरा, प्रयाग, काशी, गया करून 1736 साली परतल्या. बाजीरावाचे नाव ऐकून उत्तरेत धाक बसलेला होता, पण त्याच्या आईला राजपूत राजांनी मानाने उतरवून घेतले आणि बाजीरावाशी लढलेल्या महंमदखान बंगशानेही पुढच्या वाटेसाठी बंदोबस्त दिला. इतिहासकार या यात्रेकडे राजकारणाचा भाग म्हणून पाहतात, आणि ते चूक नाही. मला मात्र त्यात दुसरेही दिसते: एका विधवा बाईची आयुष्यभराची इच्छा पुरी व्हायला मुलगा पेशवा असावा लागला.

सामान्य माणसाच्या यात्रेचा आपल्याकडचा सर्वांत बोलका दस्तऐवज म्हणजे विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास'. हे पुस्तक बहुतेक जण सत्तावनच्या बंडाची हकीगत म्हणून वाचतात. गंमत अशी की गोडसे भटजी बंड पाहायला निघाले नव्हते आणि सुरुवातीला यात्रेलाही निघाले नव्हते. कुलाब्यातल्या वरसईचे हे भिक्षुक. घरावर कर्ज होते. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आणि भरपूर दक्षिणा वाटणार अशी वार्ता आली, म्हणून ते काकांबरोबर 1857 साली उत्तरेला निघाले. महूजवळ त्यांना बंडाची पहिली खबर लागली. परत फिरता आले असते, पण ते पुढे गेले. ग्वाल्हेर झाले. झाशीत राणीच्या आश्रयाला राहिले, आणि 1858च्या वसंतात इंग्रजांनी शहराला वेढा घातला तेव्हा आतच अडकले. शहर पडल्यावरची लूट आणि कत्तल त्यांनी लपून बसून पाहिली. पुढे काळपीच्या वाटेवर पठाणी वेषातली राणी विहिरीपाशी त्यांना भेटते, आणि हे पाणी काढून द्यायला पुढे होतात तेव्हा ती विद्वान ब्राह्मणाला श्रम नकोत म्हणून स्वतःच पाणी शेंदते. हा प्रसंग शाळेच्या पुस्तकातून सर्वांच्या ओळखीचा झाला आहे.

त्यापुढचा भाग कमी वाचला जातो. जमवलेले पैसे लुटले गेले. कर्ज फेडायला निघालेला माणूस रिकामा झाला. अशा वेळी कुणीही दक्षिणेची वाट धरील. गोडसे भटजी काशीला गेले, गंगेची कावड घेतली, आणि ती खांद्यावर वागवत कोकणात परत आले. अडीच-तीन वर्षांनी घरी पोचल्यावर त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. पैशाचा हिशेब त्यांनी प्रांजळपणे लिहिला आहे आणि तो तोट्याचाच आहे. पण प्रवासाचा शेवट त्यांच्या लेखी त्या स्नानाने होतो. आईवडिलांची काशीची इच्छा मुलाच्या खांद्यावरून घरी आली; तीर्थ चालत माणसांकडे आले, असे म्हणायला हरकत नाही.

हे लिखाण त्यांनी पंचवीसेक वर्षांनंतर आठवणीतून केले. चिं. वि. वैद्यांनी ते संस्कारित करून 1907 साली छापले. भटजींच्या मूळ लिखाणाच्या बरहुकूम आवृत्तीसाठी 1966 सालापर्यंत थांबावे लागले. ती द. वा. पोतदारांनी काढली. दोन्ही शेजारी ठेवून वाचण्याचा उद्योग ज्याला सवड आहे त्याने जरूर करावा. वैद्यांनी भाषा घासूनपुसून घेतली आहे. मूळ लिखाणात बोलणारा माणूस ऐकू येतो.

गोडसे भटजी परतल्यावर दहाएक वर्षांत हे सगळे बदलले. 1863 साली बोरघाटातून रेल्वे वर चढली. अलाहाबादेहून येणारा फाटा 1867 साली जबलपूरपर्यंत पोचला होता. मुंबईची लोहमार्गाची वाट 1870 साली त्याच जबलपूरला त्याला मिळाली आणि मुंबई ते कलकत्ता गाडी सुरू झाली. नव्वद दिवसांची वाट दोन-तीन दिवसांवर आली. तरी काशीची गाडी बरीच वर्षे गंगेच्या अलीकडेच थांबे. 1887 साली राजघाटाजवळ पूल झाला तेव्हा आगगाडी नदी ओलांडून शहरात शिरली. त्याआधी, 1840 साली, कंपनी सरकारने प्रयाग, गया आणि जगन्नाथपुरी इथला यात्राकर रद्द केला होता. यादीतले नाव तेच राहिले, पण ते पुरे करू शकणाऱ्यांची संख्या वाढली. कारकून, शाळामास्तर, पेन्शनर जाऊ लागले. कावड मागे पडत गेली आणि तिच्या जागी झाळून बंद केलेला तांब्याचा गडू आला. गडू ट्रंकेत मावतो. तो देवघरात ठेवायचा, आणि घरातले माणूस जायला निघाले की फोडून तुळशीपत्राबरोबर त्याच्या तोंडात घालायचा. ज्यांना जाता आले नाही त्यांच्यासाठी एवढी सोय होती.

काशीला गेलेला माणूस तिथे एखादी वस्तू 'सोडून' येतो. आवडीचे फळ, भाजी, गोडाचा पदार्थ; पुन्हा आयुष्यात खायची नाही. आज फिरायला जाणारा माणूस काही मिळवायला जातो: फोटो, अनुभव, यादीवरची एक बरोबरची खूण. मी जुन्या रीतीचा गौरव करू इच्छित नाही. काशीत सोडल्या जाणाऱ्या गोष्टींत कधी कधी माणसेही असत. काशीवास या सभ्य नावाखाली नकोशा झालेल्या विधवांना तिथे पोचवून घरची मंडळी परत येत, आणि त्या बाया घाटाजवळच्या अंधाऱ्या खोल्यांत मरणाची वाट पाहत. त्यांनी 'काशीस जावे' असे कधी वदले असेल का, याची नोंद कुठे मिळत नाही.

मुंजीत बटू काशीला निघतो आणि मामा त्याला मुलगी द्यायचे आश्वासन देऊन परत वळवतो. लग्नघरात हशा पिकतो. इच्छा धरायची, दोन पावले टाकायची आणि संसारात परतायचे, याचा सराव आठ वर्षांच्या मुलाकडून करून घेणारा हा विधी मला दरवेळी चमत्कारिक वाटतो. मुलींसाठी असा विधी नाही. त्यांच्याकडे वदणे तेवढे होते.

माझी आजी रोज सकाळी अंथरुणातून उठताना ते दोन शब्द म्हणे. ती पुण्याच्या पलीकडे कधी गेली नाही. काही वर्षांपूर्वी मी काशीला गेलो तो अभ्यासासाठी, मोडी वाचता येते म्हणून. आमच्या भागाचे तीर्थोपाध्याय शोधत एका जुन्या वाड्यात गेलो. गाव आणि आडनाव सांगितल्यावर त्यांनी नामावळीची लांबट वही काढली आणि पाच-सात मिनिटांत पान उघडून माझ्यासमोर ठेवले. 1934 सालची नोंद होती, आजोबांच्या थोरल्या भावाच्या हातची. उपाध्यायांच्या रीतीप्रमाणे त्यांनी स्वतःबरोबर घरी राहिलेल्यांचीही नावे घातली होती: भाऊ, पुतणे, आणि शेवटच्या ओळीत घरातल्या बायका. तिसरे नाव आजीचे होते, सासरचे. मी ते दोनदा वाचले. मग उपाध्यायांनी पेन पुढे केले आणि मी खाली माझी नोंद केली; बायकोचे आणि मुलीचे नावही घातले, त्या दोघी तेव्हा घरी होत्या.