चित्रफितीची साक्ष

कान आणि डोळा यांत चार बोटांचे अंतर असते, असे म्हणतात. ऐकीव गोष्टीवर विसंबू नये, स्वतः पाहून खात्री करावी, असा त्याचा आशय. परंतु भ्रमणध्वनीच्या पडद्यावर जे दिसते, ते स्वतः पाहिलेले म्हणावे काय?

पाकिस्तानातील कराची शहरात मुलांच्या सुरक्षिततेसाठी झटणाऱ्या एका संस्थेने २०१६ मध्ये एक लहानशी चित्रफीत तयार केली. गल्लीत मुले खेळत आहेत. मोटारसायकलवरून दोन इसम येतात व एका मुलाला उचलून पळ काढतात. थोड्याच वेळात ते परततात, मुलाला सुखरूप खाली उतरवतात आणि एक फलक दाखवतात. मूल पळवण्यास एक क्षण पुरतो, असा त्यावरील मजकुराचा भावार्थ. पुढे कोणीतरी हा शेवटचा भाग कापून टाकला. २०१८ मध्ये ती अर्धवट फीत भारतात पसरली आणि पालकांना सावध करणारा देखावा खरेखुरे अपहरण ठरला.

मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अशा अफवांनी त्या वर्षी गावोगावी संशय पेटला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, भिक्षा मागत फिरणाऱ्या डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले.

आता तर संगणकाच्या साहाय्याने संपूर्ण फीतच बनवता येते. मार्च २०२२ मध्ये युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की आपल्या सैनिकांना शस्त्रे खाली ठेवण्यास सांगत आहेत, अशी एक बनावट फीत प्रसृत झाली. तीत डोके व धड यांचा मेळ बसत नव्हता. अध्यक्षांनी स्वतः तत्काळ तिचे खंडन केले. पुढे ही कला इतकी सुधारली की, अशा खुणा पुष्कळदा डोळ्यांना दिसतही नाहीत.

म्हणून न्यायालयात साक्षीदाराची उलटतपासणी होते, तशी चित्रफितीचीही करावी. ती प्रथम कोणी, कोठे व केव्हा प्रसिद्ध केली? दुकानांच्या पाट्या, वाहनांचे क्रमांक व लोकांची भाषा सांगितलेल्या स्थळाशी जुळतात काय? तिच्या आधी व नंतर काय घडले? विश्वसनीय वृत्तपत्रांत ती वार्ता आली आहे काय? फितीतील एखादे दृश्य चित्रशोधाच्या साधनाला दिल्यास, ते पूर्वी कोठे प्रसिद्ध झाले होते, हेही अनेकदा कळते. जी फीत पाहताच मन संतापाने किंवा भीतीने भरून जाते, तिच्याबाबत तर अधिकच थांबावे. समाधानकारक उत्तरे मिळेपर्यंत ती कोणासही पाठवू नये.

मूल पळवण्यास एक क्षण पुरतो, असे तो फलक सांगत होता. अफवा पुढे धाडण्यासही तेवढाच वेळ लागतो.