कुत्र्यापायी अडलेलं पाऊल

घर सोडायचं, पण कुत्र्याला ठेवायचं कुणाकडे? मारझोड सोसणाऱ्या कितीतरी बायकांचं पाऊल इथेच अडतं.

अमेरिकेत युटामधल्या आधारगृहातल्या ३८ महिलांशी बोलून मानसशास्त्रज्ञ फ्रँक ॲसिओन यांनी १९९८ साली अभ्यास प्रसिद्ध केला. घरी प्राणी असलेल्यांपैकी ७१ टक्के जणींच्या जोडीदाराने त्या प्राण्याला इजा केली होती, ठार मारलं होतं किंवा तशी धमकी तरी दिली होती. नमुना लहानच, पण धमकीचा रोख प्राण्यावर नसून बाईवर असतो, असं त्यातून सुचतं.

कायद्याला जाग उशिरा आली. २००६मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्याने मारझोड करणाऱ्याला दूर ठेवणाऱ्या संरक्षण आदेशात पाळीव प्राण्यांचा समावेश केला. २०१६पासून तिथली तपास संस्था एफबीआय प्राणिक्रौर्याची वेगळी नोंद ठेवू लागली.

भारतात १९६०च्या प्राणिक्रौर्यविरोधी कायद्यानुसार पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. जेमतेम दोन वडापावांचे पैसे!