भोक रिमला नको, टायरला

रिमोटवर पळणाऱ्या ऑफ-रोड ट्रकच्या टायरात हवा भरत नाहीत, हे नवख्याला खरं वाटत नाही. या टायरला ना ट्यूब, ना व्हॉल्व्ह. रबराच्या कवचात फोमचं कडं बसवलेलं असतं, कवचाच्या दोन्ही कडा रिमच्या खाचेत गोंदाने चिकटवलेल्या असतात, आणि आतली हवा ये-जा करावी म्हणून कुठेतरी एक-दोन बारीक भोकं असतात. सगळा वाद या भोकांच्या जागेचा आहे. बरेच रिम कारखान्यातूनच भोकं घेऊन येतात आणि बहुतेक जण ती तशीच राहू देतात. छत्रपती संभाजीनगरच्या काळ्या मातीत आणि पाणथळ जागी गाडी पळवायची असेल, तर ती बुजवून टायरच्या माथ्यावर, बटणांच्या मधल्या खाचेत, नवी पाडली पाहिजेत असं माझं ठाम मत आहे.

टायर हा या शहराच्या ओळखीचा विषय. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत गुडइयरचा कारखाना आहे आणि बीकेटी, म्हणजे बाळकृष्ण इंडस्ट्रीजचाही. शेती आणि खाणीच्या अवजड टायरांसाठी नावाजलेली ही बीकेटी अमेरिकेतल्या ‘मॉन्स्टर जॅम’ या राक्षसी ट्रकांच्या खेळाला 66 इंच उंचीचे टायर पुरवते. बॉब चँडलरच्या ‘बिगफूट’पासून सुरू झालेल्या त्या राक्षसी ट्रकांना आधी शेतात खत फेकणाऱ्या यंत्रांचे टायर लावत, गुडइयरचा ‘टेरा’ त्यांतलाच. खेळण्यांच्या बाजूचा इतिहास थोडक्यात सांगायचा तर जपानच्या तामियाने 1979 मध्ये ‘रफ रायडर’ आणि ‘सँड स्कॉर्चर’ आणले, 1987 मध्ये ‘क्लॉड बस्टर’ हा मॉन्स्टर ट्रक आला, पुढे ट्रॅक्ससने बॅटरी आणि मोटरच्या जोरावर वेग कुठल्या कुठे नेला. वेग वाढला आणि भोकाचा प्रश्न ऐरणीवर आला.

मुळात भोक लागतं कशाला? खऱ्या टायरात वजन हवा पेलते. कारच्या टायरात तीसेक पीएसआय दाब असतो. छोट्या ट्रकच्या एका चाकावर जेमतेम किलोभर वजन येतं. जमिनीला टेकलेला भाग दहा चौरस सेंटिमीटर धरला तर ते पेलायला दीड पीएसआयसुद्धा लागत नाही. त्याहून थोडा जास्त दाब झाला की टायर चेंडूसारखा उसळणार. म्हणून वजन फोमवर सोपवलं आणि हवेला वाट करून दिली. उडी मारून गाडी खाली आली की हवा भोकातून बाहेर पडते, टायर दबतो, धक्का जिरतो, मग हवा परत आत येते. ही वाट बंद असेल तर सगळा जोर कडेच्या गोंदावर येतो आणि तिथेच टायर रिमपासून सुटतो.

इथवर रिमचं भोक आणि टायरचं भोक सारखंच काम करतात. फरक पडतो पाण्याने. साधारण 146 मिलिमीटर व्यासाचा टायर घ्या आणि गाडी ताशी 50 किलोमीटरने पळवा. चाक सेकंदाला तीस फेरे घेतं. टायरच्या माथ्याशी असलेल्या पाण्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 270 पट जोर बाहेरच्या दिशेने येतो. म्हणजे चार चमचे, वीस ग्रॅम पाणी पाच किलोंहून जास्त जोराने रबराला आतून रेटतं. ते रिमकडे कधीच येणार नाही, कारण रिम आतल्या बाजूला, आसाजवळ आहे. रिमच्या भोकातून पाणी आत शिरतं, पण गाडी पळत असताना त्याच भोकातून बाहेर पडू शकत नाही. भोक माथ्यावर असेल तर हाच जोर पाण्याला बाहेर फेकतो, त्यासाठी वेगळी युक्ती लागत नाही. पाणी आतच राहिलं की फोम भिजतो. गाडी उभी असताना पाणी खालच्या बाजूला उतरतं, आणि पुन्हा पळवली की एका बाजूला जड झालेलं चाक सेकंदाला तीस हिसके देतं. ते हिसके खातात बेअरिंग आणि अ‍ॅक्सल.

यावर पहिला आक्षेप येतो, तो म्हणजे भोकच नको, सगळं बुजवून टाका. कोरड्यात उसळण्याचा तोटा वर आलाच आहे. ओल्यातही हे टिकत नाही. मे महिन्यातल्या मुरमावर पळून टायरातली हवा 60 अंशांपर्यंत तापली आणि गाडी थेट 28 अंशांच्या डबक्यात उतरली, तर आतली हवा जवळजवळ दहा टक्के आकसते. गोंदात कुठे केसाएवढी फट असली तरी तिथून पाणी आत ओढलं जातं. बंद टायरात एकदा शिरलेलं पाणी मग तिथेच मुक्काम ठोकतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: माथ्यावर भोक पाडलं की टायर तिथून फाटतो. वेगात टायर फुगतो तेव्हा माथ्यावरच ताण सर्वाधिक असतो, त्यामुळे ही भीती खोटी नाही. पण फाटण्याची सुरुवात कोपऱ्यातून होते, आणि गोल भोकाला कोपरा नसतो. ब्लेडने चीर दिली तर टायर फाटणारच. पट्ट्याला भोक पाडायच्या पंचाने तीन-चार मिलिमीटरची दोन भोकं समोरासमोर पाडली तर ताण वाटला जातो आणि चाकाचा तोलही राहतो. तापवलेला खिळा टाळावा, त्याने भोकाची कड जळून ठिसूळ होते. माती आत जाते म्हणाल, तर थोडी जातेच. पण सुटी धूळ पाण्याबरोबर बाहेरही पडते. कोरड्या, तयार केलेल्या ट्रॅकवर शर्यत लावणाऱ्याने मात्र रिमचं भोक खुशाल ठेवावं. तिथे पाणीच नाही.

आपली अडचण आहे काळ्या मातीची. ती ओली असताना चिकटते आणि वाळली की भोकात घट्ट बूच बसवते. दिवाळीच्या सुमारास हे फार होतं, वरून जमीन कोरडी दिसते आणि खाली गारा असतो. म्हणून घरी आल्यावर आधी गाडी धुवावी, मग दातकोरणीने भोकं मोकळी करावीत, चाकं काढून आडवी न ठेवता उभी ठेवावीत आणि एक भोक तळाशी येईल असं बघावं. फोम बदलायची वेळ आली तर पाणी न पिणारा, बंद छिद्रांचा घ्यावा. तो महाग पडतो, पण उघड्या छिद्रांचा फोम एका पावसाळ्यात बसका होतो. कडेचा गोंद सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे आपल्या फेविक्विकच्याच जातीचा असतो. तो घट्ट असला तरी ठिसूळ, त्यामुळे अंगठ्याने टायरची कड रिमपासून हळूच ओढत सगळीकडे फिरून बघावं. जिथे फट दिसेल तिथली माती स्पिरिटने पुसून, पूर्ण वाळवून मगच थेंब सोडावा. ओल्या मातीवर टाकलेला गोंद मातीला धरतो, रिमला नाही.