पिन काढायची, भोक राखायचे

शिअर पिन हा यंत्रात मुद्दाम कच्चा ठेवलेला दुवा असतो. रोटाव्हेटर, बेलर, खड्डे घेणारे ऑगर अशा पीटीओवर चालणाऱ्या अनेक अवजारांत शाफ्टची ताकद पुढच्या भागाला एका आडव्या पिनेतून किंवा बोल्टातून मिळते. पात्यांत दगड अडकला, उसाचा बुडखा आडवा आला किंवा तारेचे वेटोळे गुंतले की ही पिन शाफ्ट आणि त्यावर बसलेले हब यांच्या सांध्यावर कातरली जाते. शाफ्ट नुसता फिरत राहतो आणि गिअरबॉक्स वाचतो. विजेच्या फ्यूजचे काम ती करते. फरक एवढाच की फ्यूज बदलायला दोन मिनिटे लागतात, तर जुन्या यंत्रातली तुटलेली पिन काढण्यात ऐन हंगामातला अर्धा दिवस जाऊ शकतो.

या कामात एक गोष्ट सतत ध्यानात ठेवायला हवी. पिन स्वस्त असते, ती ज्या भोकात बसते ते भोक मोलाचे असते. पिनेचा चुरा झाला तरी बिघडत नाही. भोक मात्र वाकडे झाले, त्याच्या कडा फाटल्या किंवा हबला तडा गेला, तर लेथवरचे काम निघते, नाहीतर नवा भाग शोधावा लागतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या अवजाराचा भाग मिळेलच असे नाही. म्हणून जोर लावण्याआधी पिनेला नेमके कशाने धरून ठेवले आहे, हे ओळखणे हे अर्धे काम आहे.

पिन साधारणपणे हबच्या एका भिंतीतून शिरते, शाफ्ट ओलांडते आणि समोरच्या भिंतीतून बाहेर पडते. त्यामुळे ती दोन ठिकाणी कातरली जाते आणि तिचे तीन तुकडे होतात. दोन तुकडे हबमध्ये राहतात, तिसरा शाफ्टच्या पोटात. तुटताना पोलाद आधी थोडे वाकते, ताणले जाते आणि मग सुटते. त्यामुळे प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी धारदार ओठ तयार होतो. हा ओठ भोकाच्या कडेत रुतून बसतो. पिन तुटल्यावरही पीटीओ काही काळ चालू राहिला असेल, तर हब शाफ्टवर कोरडेच घासते, धातूवर धातू चिकटतो आणि दोन्ही भाग एकमेकांना धरून बसतात.

त्यात गंजाची भर पडते. लोखंड गंजले की त्याचे आकारमान वाढते. तयार होणारा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहूनही अधिक जागा व्यापतो. मोकळ्या पत्र्यावर तो पापुद्रे काढून सुटतो, पण भोकात त्याला पसरायला वाव नसतो, म्हणून तो पाचरीसारखा आवळत जातो. पावसाळा उघड्यावर काढलेल्या यंत्रात पिन हलत नाही, ती यामुळेच.

हात घालण्यापूर्वी ट्रॅक्टर बंद करावा, किल्ली काढून खिशात ठेवावी, पीटीओ सोडवावा आणि अवजार जमिनीवर टेकवावे. बेलरचे फ्लायव्हील इंजिन बंद झाल्यावरही बराच वेळ फिरत असते. ते पूर्ण थांबल्याखेरीज जवळ जाऊ नये. अडकलेला दगड किंवा तार आधी काढावी, कारण गुंतलेल्या रोटरमध्ये पीळ साठून राहिलेला असू शकतो आणि तो अचानक सुटला तर बोटे जातात. डोळ्यांवर चष्मा हवाच. पोलादावर पोलाद आपटताना उडणारी कपची डोळ्यात शिरते.

नंतरचे पहिले काम साफसफाईचे. तारेच्या ब्रशने माती, रंग आणि जुने ग्रीस काढले की पिनेची दोन्ही टोके दिसतात. दोन्ही टोकांचा व्यास मोजावा. कित्येक जुन्या यंत्रांत साध्या पिनेऐवजी निमुळती पिन असते. तिचा उतार बहुधा पन्नासास एक असतो, म्हणजे पन्नास मिलिमीटर लांबीत व्यास एक मिलिमीटरने बदलतो. नुसत्या डोळ्यांना तो कळत नाही. अशी पिन बारीक टोकाकडूनच ठोकायची असते. जाड टोकाकडून मारलेला प्रत्येक ठोका तिला आणखी घट्ट बसवतो. पिन वर्षानुवर्षे अडल्याच्या तक्रारींमागे पुष्कळदा एवढेच कारण असते, आणि कॅलिपर लावून ते मिनिटभरात उलगडते.

दुसरे काम तुकडे एका रेषेत आणण्याचे. हब फिरून थोडे पुढे गेलेले असले, तर शाफ्टमधला तुकडा आणि हबची भोके समोरासमोर नसतात. अशा वेळी कितीही ठोकले तरी मधला तुकडा हबच्या भिंतीवरच आदळत राहणार. पाइप पान्ह्याने हब मागेपुढे हलवावे आणि शाफ्टवर खूण करून अंदाज घ्यावा. हब हलत असेल तर बाहेरचे दोन तुकडे आधी काढावेत. ते बहुधा लवकर येतात. मग रिकाम्या भोकातून टॉर्च मारत हब सावकाश फिरवले की मधल्या तुकड्याचे चकाकते तोंड भोकात दिसू लागते.

तेल मुरायला वेळ द्यावा लागतो. डिझेल किंवा रॉकेल गावोगाव वापरले जाते आणि थोडेफार काम करतेही, पण गंज सोडवण्यासाठी मिळणारे पातळ तेल अधिक आत जाते. दोन्ही बाजूंनी तेल सोडावे, हातोडीने हबवर हलके ठोके द्यावेत आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. या हलक्या ठोक्यांनी पिन निघत नाही. त्यांच्या कंपाने गंजाला बारीक भेगा पडतात आणि त्यांतून तेल आत ओढले जाते. बहुतेकांची घाई इथेच नडते.

ठोकण्यासाठी दोन पंच लागतात. पहिला आखूड आणि निमुळता, पिन जागची हलवण्यापुरता. आखूड पंच वाकत नाही, त्यामुळे ठोक्याची सगळी ताकद पिनेत उतरते. पिन दोनतीन मिलिमीटर सरकली की सरळ दांड्याचा, पिनेपेक्षा किंचित बारीक पंच घ्यावा. आठ मिलिमीटरच्या पिनेला सातचा. फारच बारीक पंच पिनेच्या तोंडात रुततो, ते तोंड फुगते आणि पिन जास्तच अडते. पंचाचे टोक सपाट हवे. हबच्या मागे घण किंवा ऐरणीसारखे जड काही टेकवावे, नाहीतर ठोका शाफ्टच्या लवण्यात विरतो आणि बेअरिंगला मार बसतो. हलक्या हातोडीचे वीस ठोके पिनेचे डोके पसरवतात. जड हातोड्याचा एक नेमका ठोका तिला हलवतो. हब बिडाचे असेल तर मात्र आवरते घ्यावे. बीड ठिसूळ असते, वाकण्याऐवजी फुटते. तिथे सी-क्लॅम्पने पिनेवर दाब धरून ठेवणे आणि अधूनमधून हलका ठोका देणे अधिक सुरक्षित.

एवढ्याने काम न झाल्यास उष्णता. तापवायचे ते हब, पिन नव्हे. पोलाद दर अंश सेल्सियसला मीटरमागे सुमारे बारा मायक्रॉन वाढते. म्हणजे दहा मिलिमीटरचे भोक दोनशे अंशांनी तापवल्यावर त्याचा व्यास जेमतेम चोवीस मायक्रॉनने वाढतो, केसाच्या जाडीहूनही कमी. तेवढ्यानेही गंजाची पकड सुटू शकते, कारण भोक आणि पिन वेगवेगळ्या गतीने फुगतात, आकसतात आणि मधला ठिसूळ थर तडकतो. म्हणून एकदाच लाल करण्यापेक्षा तापवणे आणि निवू देणे दोनतीनदा करावे. गरम भागावर मेणबत्ती टेकवली तर वितळलेले मेण फटीत खेचले जाते आणि वंगणाचे काम करते. बिडाचे हब चहूबाजूंनी सावकाश तापवावे आणि त्यावर पाणी कधीही टाकू नये. जवळचे ऑइल सील आणि ग्रीस जळतात. तेलाने माखलेला आणि पाचटाचा भुसा अडकलेला बेलर तर आधी स्वच्छ करावा, शेजारी पाणी आणि वाळू ठेवावी, मगच ज्योत पेटवावी.

ड्रिल हा शेवटचा उपाय. पिनेच्या बरोबर मध्यावर खूण करून तीन मिलिमीटरच्या बिटाने सुरुवात करावी आणि पिनेच्या व्यासाला एक मिलिमीटर कमी इतके वाढवत न्यावे. उरलेली पातळ नळी आत दुमडून काढता येते. तुटलेले तोंड तिरके असते, त्यामुळे बिट घसरते. आधी ते कानशीने किंवा लहान ग्राइंडरने सपाट करून घेतले नाही, तर बिट हबच्या भिंतीत शिरते आणि भोकाची वाट लागते. स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पोकळ पिन मात्र कडक पोलादाची असते, ती साध्या बिटाला दाद देत नाही. बोल्टाचा तुकडा थोडा बाहेर असेल, तर त्यावर नट ठेवून आतून वेल्ड करणे हा गॅरेजमधला चांगला मार्ग आहे. वेल्डिंगची उष्णता गंज सोडवते आणि पान्ह्याला धरायला नट मिळतो.

पिन निघाली की भोक तपासावे. ते लांबट झाले असेल तर नवी पिन त्यात हेलकावे खाईल, कातरली जाण्याऐवजी वाकेल आणि पुन्हा अडकेल. असे भोक मोठे करून त्यात बुश बसवून घेणे बरे. कडा कानशीने मोडाव्यात, हब शाफ्टवरून उतरवून घासलेले डाग साफ करावेत आणि ग्रीस लावावे.

नवी पिन मूळ व्यासाची आणि मूळ प्रतीचीच हवी. वारंवार तुटते म्हणून जाड किंवा कडक बोल्ट टाकण्याचा मोह होतो. आठऐवजी दहा मिलिमीटरचा बोल्ट घातला तर कातरण्याचे क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त होते. बोल्टाच्या डोक्यावरचा आकडाही पाहावा. ४.६ प्रतीच्या जागी ८.८ बसवला तर ताकद दुप्पट होते. एवढा पीळ सोसण्यासाठी गिअरबॉक्स बनवलेला नसतो, आणि पुढच्या वेळी तुटतो तो गिअरचा दात. बोल्टाचे आटे कातरण्याच्या रेषेवर येऊ देऊ नयेत, तिथे गुळगुळीत दांडाच असावा. नट बेताने आवळावा. पिनेवर थोडे ग्रीस लावले की पुढच्या वेळी ती सहज निघते. हबवर ग्रीस निप्पल असेल तर हंगामाच्या सुरुवातीला त्यात ग्रीस भरावे, आणि पिन घालण्यापूर्वी हब शाफ्टवर हाताने मोकळे फिरते ना, हे पाहावे. ते फिरत नसेल, तर पिन तुटूनही ताकद पुढे जात राहील आणि गिअरबॉक्सला संरक्षण उरणार नाही.