पैवस्ती : पानिपतच्या टपालाची गोष्ट

जुन्या मोडी पत्रावर पुष्कळदा एक बारीक नोंद सापडते: ‘पैवस्ती’, आणि पुढे चांद्र तारीख. पत्र अमुक दिवशी हाती आले, एवढाच तिचा अर्थ. पण पत्र लिहिल्याची तारीख आणि पैवस्तीची तारीख शेजारी ठेवली की मधली सारी वाट डोळ्यांपुढे येते. पानिपत आपण तलवारींच्या खणखणाटात ऐकत आलो. मला ते या नोंदीतून वाचावेसे वाटते.

हे गाव मुळातच टपालाच्या वाटेवरचे. दिल्ली-लाहोर राजरस्ता इथूनच जातो, आणि त्या रस्त्यावरचे मोगली कोसमिनार हरियाणात अजून उभे आहेत. त्याच्याही आधी, चौदाव्या शतकात, इब्न बतूताने दिल्लीच्या सुलतानांची डाक पाहिली होती. धावणाऱ्याच्या एका हातात पत्र, दुसऱ्या हातात घुंगरांची काठी. घुंगरू वाजले की पुढच्या ठाण्यावरचा गडी कंबर कसून उभा राही. सिंधहून दिल्लीची पन्नास दिवसांची वाट बातमी पाच दिवसांत कापे, असे तो लिहितो.

मराठी फौज उत्तरेत उतरली ती स्वतःची डाक घेऊन. पायी जासूद, उंटावरचे सांडणीस्वार. जासूद बहुधा जोडीने निघत. वाटेत एकाचे बरेवाईट झाले तर दुसऱ्याने थैली पोचवायची. पैसा हुंडीने फिरे. राजवाड्यांनी 1898 साली छापलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडात या फौजेचे सेनापती सदाशिवरावभाऊ, म्हणजे भाऊसाहेब, यांची उत्तरेतले मराठी कारभारी गोविंदपंत बुंदेले यांना गेलेली पत्रे आहेत. त्यांत पुन्हा पुन्हा तोच तगादा: ऐवज पाठवा, शत्रूची रसद तोडा.

ऑक्टोबर 1760 च्या अखेरीस अफगाण बादशहा अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि भाऊंची छावणी व दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला. दिल्ली पानिपतच्या छावणीपासून जेमतेम नव्वद किलोमीटरवर, तिथे नारो शंकर मराठी शिबंदी घेऊन बसलेले. पण वाट बंद. डिसेंबरात गोविंदपंत मारले गेले. पुढे दिल्लीहून खजिना घेऊन निघालेले स्वार रात्रीच्या अंधारात वाट चुकले आणि आपली छावणी समजून अब्दालीच्या गोटात शिरले. तोंडून मराठी शब्द निघाला आणि घात झाला. छावणीत हजारो माणसे त्या पैशाकडे डोळे लावून उपाशी बसली होती.

शेवटच्या रात्रीही एक चिठ्ठी निघाली. अब्दालीच्या बाजूला असलेल्या अवधच्या नवाब शुजाउद्दौल्याच्या पदरी काशीराज पंडित हे दक्षिणी ब्राह्मण होते. पेला काठोकाठ भरला आहे, करायचे ते आत्ताच करा, अशा आशयाची चिठ्ठी भाऊसाहेबांनी त्यांना धाडली. ती पोचली, पण तहाची बोलणी पुढे सरकण्याआधीच मराठे मोर्च्याबाहेर पडल्याची खबर आली. तो दिवस 14 जानेवारी 1761.

नानासाहेब पेशव्यांना ही बातमी कळली ती सावकारी डाकेने. पानिपतहून औरंगाबादेस नऊ दिवसांत पोचण्याच्या बोलीवर निघालेला सावकारांचा कासीद वाटेत पेशव्यांच्या फौजेला भेटला. लखोटा फोडला. आत वहीखात्याची भाषा: दोन मोती, सत्तावीस मोहरा, रुपये आणि खुर्दा यांची तर मोजदादच नाही. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि पेशव्यांचे चिरंजीव विश्वासराव, हे कोणाला सांगावे लागले नाही. त्याच वर्षी 23 जूनला नानासाहेब पर्वतीवर वारले.

दौलतीची डाक तुटली तरी पेढ्यांची चालू होती, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. टपाल म्हणजे वाट शाबूत राखणारी माणसे. पानिपतावर आपली वाट आधी तुटली, फौज नंतर.

15 ऑगस्ट 1972 रोजी देशात पिनकोड सुरू झाला. त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकरांची. रत्नागिरी जिल्ह्यातला हा माणूस संस्कृतात काव्यही लिही. त्यांच्या योजनेत पानिपतला मिळालेला क्रमांक 132103. पहिला 1 म्हणजे उत्तर विभाग. पुण्यात पेटीत टाकलेले पाकीट आता या सहा आकड्यांवर तिथे पोचते. वाटेत त्यावर तारखेचा गोल शिक्का उमटतो. ती आजची पैवस्ती. भाऊसाहेबांच्या छावणीतली माणसे अडीच महिने याच एका नोंदीसाठी तळमळत होती.