थंडीतला डोंगर: अंगावर काय, सॅकमध्ये काय

सिंधुदुर्गात डोंगर चढण्याचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि शिमग्याच्या सुमारास संपतो. पाऊस ओसरलेला असतो, वाटेवरचे शेवाळ वाळलेले असते, ओढ्यांत पाणी असते आणि हवा स्वच्छ असली तर कड्यावरून समुद्राची रेघ दिसते. कुडाळ तालुक्यातल्या शिवापूरहून मनोहर-मनसंतोष हे जोडकिल्ले, नारूरहून रांगणा, आंबोलीचा महादेवगड, गेळ्याजवळचे कावळेसाद आणि चौकुळचा सडा ही या दिवसांतली नेहमीची ठिकाणे. रांगणा कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यात मोडतो, पण कोकणातून त्याची चढण नारूरचीच. यातला कोणताही डोंगर उंचीने फार मोठा नाही. तरीही तयारी चुकली की त्रास होतो, कारण इथल्या थंडीचा स्वभाव मालवणच्या किनाऱ्यावर बसून कळत नाही.

थंडी येते कुठून

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच आहे. हवा दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी थंडावते. म्हणजे केवळ उंचीमुळे आंबोली मालवणपेक्षा साधारण साडेचार अंशांनी गार असायला हवी. रात्री प्रत्यक्षात फरक याहून मोठा असतो. किनाऱ्याला समुद्राची ऊब असते, सड्यावर ती नसते. आकाश निरभ्र असले की जमीन दिवसभराची उष्णता झपाट्याने सोडते. तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते आणि उतारावरून वाहत खोलगट जागी साचते. डिसेंबर-जानेवारीत दुपारी तीस अंशांच्या आसपास असलेला पारा पहाटे दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो तो यामुळे.

त्यात दवाची भर पडते. पहाटे तंबू, सॅक, बाहेर राहिलेले बूट, सगळे पावसात भिजल्यासारखे ओले होते. म्हणून तंबू खळग्यात किंवा ओढ्याच्या काठी न लावता थोड्या उंचवट्यावर, शक्य तर झाडाच्या छत्राखाली लावावा. झाड जमिनीची उष्णता थेट आकाशात जाऊ देत नाही आणि त्याच्याखाली दवही कमी पडते.

सूर्याचेही वेळापत्रक लक्षात घ्यावे लागते. डिसेंबरच्या मध्याला इथला दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो आणि सहा वाजून गेल्यावर थोड्याच वेळात सूर्यास्त होतो. कोकणातून चढणाऱ्या बहुतेक घाटवाटा पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी त्यांच्यावर डोंगराचीच सावली असते, दुपारनंतर मात्र ऊन थेट अंगावर येते. चढण सकाळी दहाच्या आत संपवली तर निम्मा घाम वाचतो आणि पाणीही.

कपडे: घामाचे आणि रात्रीचे वेगळे

या डोंगरांत माणूस गारठतो तो बहुधा घामाने. चढताना अंगावरचा सुती शर्ट चिंब होतो, माथ्यावर वारा लागतो आणि तोच शर्ट अंगातली ऊब खेचू लागतो. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. सुताचा दोष एवढाच की ते पाणी धरून ठेवते. म्हणून चढताना पटकन वाळणारा, पूर्ण बाह्यांचा पातळ पॉलिस्टर टीशर्ट आणि तशीच पँट घालावी. जीन्स घरी ठेवावी. ती ओली झाली की जड होते, लवकर वाळत नाही आणि गुडघ्यात अडकते.

रात्रीसाठी कपड्यांचा दुसरा, पूर्ण कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून न्यावा आणि मुक्कामाला पोचल्याशिवाय उघडू नये. त्यावर फ्लीसचे जॅकेट किंवा घरचा लोकरीचा स्वेटर, त्यावर वारा अडवणारे पातळ जॅकेट, शिवाय कानटोपी आणि कोरडे मोजे. एका जाड जॅकेटपेक्षा दोन-तीन पातळ थर बरे. त्यांच्यामध्ये हवा अडकते आणि गरजेप्रमाणे एखादा काढता येतो. लोकरीचा गुण धनगरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्यांची घोंगडी दवाने दमट झाली तरी ऊब देते. ती जड असते, म्हणून सॅकमध्ये तिची जागा फ्लीसने घेतली. पण एका रात्रीसाठी पायथ्याच्या वाडीतून घोंगडी मिळाली, तर तिला नाही म्हणण्याचे कारण नाही.

बूट

पावसाळ्यात इथे पाय शेवाळावरून सरकतो, हिवाळ्यात तो घसाऱ्यावरून आणि वाळल्या गवतावरून. गवत सुकून आडवे पडते आणि त्याखालची माती सुटते. उतरताना त्यावर सपाट तळाचा बूट टिकत नाही. तळाला खोल खाचा हव्यात आणि रबर फार कडक नको. बूट संध्याकाळी, जाड मोजे घालून विकत घ्यावेत, कारण दिवसभरात पाऊल थोडे फुगते. टाच टेकवून उभे राहिल्यावर बोटांच्या पुढे सुमारे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे. ती नसेल तर उतारावर बोटे पुढे आदळतात आणि नखे काळी पडतात. नवे बूट थेट गडावर न नेता आधी आठवडाभर बाजाराच्या फेऱ्यांत वापरावेत.

अंथरूण, उजेड आणि वजन

स्लीपिंग बॅगवर बहुधा दोन तापमाने छापलेली असतात, कम्फर्ट आणि लिमिट. खरेदी करताना कम्फर्टचा आकडा पाहावा. लिमिटच्या आकड्याला माणूस अंग आखडून कशीबशी रात्र काढतो. इथल्या डोंगरांसाठी पाच ते दहा अंश कम्फर्टची बॅग पुरते. पिसांची बॅग हलकी असते, पण ओलावा धरला की तिची ऊब जाते. दवाच्या प्रदेशात कृत्रिम तंतूंची बॅग सोयीची. बॅगेइतकीच कॅरीमॅट महत्त्वाची. अंगाखालचे भरण वजनाने चपटे होते आणि गारठा जमिनीतून वर येतो. गडावरच्या देवळाच्या फरशीवर झोपणाऱ्याला कॅरीमॅटची गरज तंबूतल्या माणसापेक्षा अधिक असते.

रात्र तेरा तासांची असल्याने हेडटॉर्च प्रत्येकाची स्वतंत्र हवी. एका टॉर्चमध्ये तिघे चालले की मधल्याला स्वतःची सावलीच दिसते. सॅकचे एकूण वजन शरीराच्या वजनाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त नसावे. साठ किलोच्या माणसाला ही मर्यादा बारा किलोंची, आणि त्यातले तीन किलो नुसते पाणी असते.

पाणी

थंडीत तहान लागल्याचे लवकर कळत नाही, पण चढणीवर घाम जातोच. चढाईसाठी माणशी तीन लिटर पाणी धरावे. रांगण्यावर तलाव आहे, पण वाटेतले ओढे जानेवारीनंतर आटत जातात. म्हणून पायथ्याच्या गावात चौकशी करूनच बाटल्या किती भरायच्या ते ठरवावे. साठलेले पाणी उकळून किंवा क्लोरीनच्या गोळीने शुद्ध करून प्यावे. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत.

घामाबरोबर मीठ जाते. ते भरून काढण्याची सोय कोकणातल्या घराघरांत बाटलीत भरलेली असते, ती म्हणजे आगळ. पिकलेल्या कोकमांचा हा मिठात मुरवलेला रस वर्षभर टिकतो. लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचे आगळ आणि थोडा गूळ घातला की मीठ, साखर आणि पाणी एकत्र पोटात जाते. आगळ आंबट असल्याने तो अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या बाटलीत भरू नये. सोलकढी मात्र घरीच प्यावी. नारळाचे दूध काही तासांत उतरते.

खाणे: बेगमीच्या फडताळातून

डोंगरावरच्या अन्नाला तीन कसोट्या लागतात. ते हलके असावे, टिकावे आणि कमी इंधनात शिजावे. किनाऱ्यावरच्या घरांनी पावसाळ्याच्या बेगमीसाठी नेमके असेच पदार्थ शोधून ठेवले आहेत. चार महिने बाजार तुटला तरी चूल चालावी म्हणून जे वाळवले, भाजले, मिठात किंवा गुळात घातले, ते सॅकमध्येही चांगले राहते.

त्यातली सर्वांत उपयोगी वस्तू कुळथाची पिठी. कुळीथ भाजून, भरडून, टरफले पाखडून दळलेला असल्याने पीठ अर्धे शिजलेलेच असते. चौघांसाठी वाटीभर पिठी गार पाण्यात गुठळी न होऊ देता कालवावी. पातेल्यात तेलावर ठेचलेली लसूण तांबूस झाली की मिरचीपूड टाकून लगेच दीड लिटर पाणी ओतावे आणि कालवलेली पिठी, मीठ, चार आमसुले घालून ढवळत राहावे. हात थांबला तर तळाशी धरते. उकळी फुटताच ती दाटते आणि दहा मिनिटांत जेवण तयार होते. सड्यावर वारा सुटलेला असताना भातावर घेतलेली पिठी पोट भरते आणि अंगही तापवते. भातासाठी मात्र उकडे तांदूळ नेऊ नयेत. घरच्या पेजेला ते उत्तम, पण शिजायला वेळ घेतात आणि गॅस संपवतात.

चालता चालता खायला खाजा सोयीचा. बेसनाच्या जाड शेवेवर आले घातलेल्या गुळाचा पाक चढवलेला हा जत्रेतला खाऊ चुरडत नाही, वितळत नाही आणि चढणीवर लागणारी साखर लगेच देतो. जोडीला भाजलेले काजूगर आणि शेंगदाणे असावेत. स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅममधून नऊ कॅलरी मिळतात, पिष्ट पदार्थाच्या किंवा प्रथिनाच्या ग्रॅममधून चार. त्यामुळे सुक्या मेव्याचे वजन कमी आणि ताकद जास्त. एका माणसाच्या एका दिवसाचा हिशोब असा मांडता येतो: पोहे १५० ग्रॅम, तांदूळ १५० ग्रॅम, पिठी ४० ग्रॅम, काजूगर-शेंगदाणे १०० ग्रॅम, खाजा १५० ग्रॅम आणि तेल ३० ग्रॅम. वजन ६२० ग्रॅम, कॅलरी सुमारे अडीच हजार.

पहिल्या दुपारी तांदळाची भाकरी आणि सुक्या खोबऱ्याची चटणी चालते, दुसऱ्या दिवशी भाकरी कडक होते. ओल्या नारळाचे काहीही नेऊ नये. सुकी मासळी टिकते, पण तिचे मीठ तहान वाढवते आणि वास रानात दूरवर जातो.

स्वयंपाक छोट्या गॅसवर करावा. डिसेंबरनंतर सड्यावरचे गवत एका ठिणगीने पेटते. गॅसभोवतीची हातभर जागा आधी गवत काढून मोकळी करावी.

गोचीड आणि मधमाश्या

थंडीच्या कपड्यांचे इथे आणखी एक काम आहे. माकडताप, म्हणजे कॅसनूर फॉरेस्ट डिसीज, हा विषाणूजन्य रोग १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या जंगलपट्ट्यात प्रथम ओळखला गेला. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण आढळले. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि त्याचा जोर कोरड्या महिन्यांत, म्हणजे ट्रेकच्याच हंगामात असतो. पूर्ण बाह्या, पायघोळ पँट मोज्यांत खोचलेली आणि उघड्या त्वचेवर कीटकरोधक मलम हा त्यावरचा साधा उपाय. पाचोळ्यावर थेट बसू नये, आणि मुक्कामी पोचल्यावर काखा, कंबर, गुडघ्यांमागची जागा तपासावी. गोचीड दिसली तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी. ती चिरडू किंवा जाळू नये. परतल्यानंतर आठवडा-दीड आठवड्यात अचानक जोराचा ताप आणि डोकेदुखी सुरू झाली, तर जंगलात गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

कड्यांच्या कपारीत आग्या मधमाश्यांची पोळी असतात. अत्तर, उग्र वासाचे तेल आणि धूर त्यांना चवताळवतो. म्हणून प्रसाधनांची पिशवी घरी राहिलेली बरी.

हिमालयात जाताना

सह्याद्रीत चार हंगाम काढून हिवाळ्यात उत्तराखंडातल्या केदारकंठ्याकडे वळणारे अनेक असतात. ते शिखर सुमारे ३८०० मीटर उंच आहे. मघाच्याच हिशोबाने समुद्रकाठापेक्षा तिथे केवळ उंचीमुळे जवळजवळ पंचवीस अंशांनी गार. तिथे सिंधुदुर्गातली सॅक पुरत नाही. बर्फावर पकड देणारे मायक्रोस्पाइक, बुटात बर्फ जाऊ न देणारे गेटर, जलरोधक बूट, पिसांचे जॅकेट, दुहेरी हातमोजे आणि बर्फाच्या चकाकीपासून वाचवणारा काळा चष्मा लागतो. हे सामान एका ट्रेकसाठी विकत घेण्यापेक्षा भाड्याने घेणे शहाणपणाचे. त्या उंचीवर पाणी सत्त्याऐंशी अंशांच्या आसपास उकळते, त्यामुळे डाळ शिजता शिजत नाही. भाजलेल्या पिठाची पिठी तिथेही कामाला येते.

परतल्यावर

किनाऱ्यावर सामान वापरून जितके झिजते, त्याहून अधिक पडून राहून बिघडते. खारी हवा टॉर्चच्या सेलभोवती गंज चढवते, म्हणून हंगाम संपताच सेल काढून ठेवावेत. स्लीपिंग बॅग तिच्या लहान पिशवीत कोंबून न ठेवता सुती खोळीत सैल टांगावी, नाहीतर भरण दबून ऊब कमी होते. तंबू आणि सॅक सावलीत पूर्ण वाळल्याशिवाय घडी करू नये, ओलसर राहिली तर जूनमध्ये बुरशी धरते. बुटांच्या तळातला फोम दमट हवेत आतून कुजतो आणि न वापरलेल्या बुटाचा तळही एके दिवशी सुटून हातात येतो. हा प्रकार चढणीच्या मध्यावर घडण्यापेक्षा घरी कळलेला बरा. त्यासाठी नव्या हंगामाच्या पहिल्या ट्रेकआधी तेच बूट घालून चार-पाच किलोमीटर चालून यावे.